न्यूझीलंडचे चौदा महिने

"चौऱ्याऐंशी वर्षांची झाले मी, आणि अभिनंदन कुणाचं? सुनेचं, मुलाचं, शेजाऱ्याचं. केक मात्र मीच कापायचा."

योपी हे कुणाला उद्देशून म्हणत नव्हती. ओट्याशी उभी राहून ती सुरीवरचं क्रीम बोटानं निपटत होती. सून कार्ला तिच्या खांद्याला लागून कपबश्या मांडत होती, म्हणून तिला ते ऐकू आलं.

"आई, तुमचंही करतात की सगळे."

"शेवटी करतात. दम लागल्यावर."

यात खोटं काही नव्हतं; इथली रीतच तशी होती. दारातून येणारा प्रत्येक जण आधी गोलात बसलेल्या एकेकाचा हात हातात घेणार, आईच्या वाढदिवसाचं अभिनंदन, सासूच्या वाढदिवसाचं अभिनंदन, आजीच्या वाढदिवसाचं अभिनंदन करत पुढे सरकणार, आणि योपीच्या खुर्चीपाशी पोहोचेपर्यंत त्याचं सगळं लक्ष कॉफीकडे लागलेलं असणार.

कार्लाचा एक कान मात्र बाहेरच्या खोलीकडे होता. तिचा नवरा लेंदर्ट खुर्च्या आणत होता. एका वेळी तीन. आणि शिट्टी वाजवत होता, सूर चुकवत, पूर्वी वाजवायचा तशी. दोन वर्षांपूर्वी याच दिवशी तो वरच्या खोलीत पडदे ओढून पडला होता आणि पाहुण्यांना कार्लानं सांगितलं होतं, पाठ धरलीय. गेल्या वर्षी अर्धा तास खाली येऊन बसला होता, केक न खाता. आज खुर्च्या. ती शिट्टी ऐकली की कार्लाच्या बरगड्यांमधली एक गाठ सैल व्हायची. ती शिट्टी थांबेल असं या घरात कुणी काही बोलायचं नाही, एवढाच तिचा नियम होता. तो तिनं कुणाला सांगितला नव्हता; सगळ्यांना तो माहीत होता.

तशी या घरची फेलेकोप मंडळी तोंडाची फटकळ. कुणी जाड झालं, कुणाचे केस वाईट कापले गेले, कुणाचं सूप पाणचट झालं, सगळं समोरासमोर. फक्त लेंदर्टचे वरच्या खोलीतले ते चौदा महिने कुणी उच्चारत नसे. फारच गरज पडली तर 'तेव्हा' म्हणायचे, आणि तेही आवाज उतरवून.

मिर्याम आली ती कोट न काढताच. "लेंदर्ट, आईच्या वाढदिवसाचं अभिनंदन. कार्ला, सासूच्या वाढदिवसाचं अभिनंदन. नीन्के कुठंय? उद्या साडेनऊला ना मुलाखत? काय घालणारेय?"

"आई इथंय," योपी म्हणाली.

"येतेच तुझ्याकडे."

मिर्याम ही लेंदर्टची धाकटी बहीण. माणसांना नोकरी लावून देणाऱ्या कचेरीत ती एकोणीस वर्षं होती, त्यामुळे समोरच्या माणसाकडे ती त्याचा अर्ज हातात धरल्यासारखीच बघायची. तिच्यामागून तिचा मुलगा तैमेन आला. बावीस वर्षांचा, आणि आल्या आल्या त्याचा डोळा केकवर.

लेंदर्ट-कार्लाची नीन्के जिना उतरून आली. पंचवीस वर्षांची, लांब हाताची, बापाच्या वळणावर गेलेली. तिनं फोन आत्याच्या हातात दिला.

"काल संध्याकाळी आलंय," ती म्हणाली. "वाच. मोठ्यानं नको."

मिर्यामला मनातल्या मनात वाचता येत नसे. "'प्रिय नीन्के, सोमवारच्या दुसऱ्या भेटीची आम्ही वाट बघतोय. तुझ्या न्यूझीलंडमधल्या चौदा महिन्यांबद्दल मला सविस्तर ऐकायचंय. मी स्वतः टे पुकेजवळ नऊ वर्षं राहिले आहे. कोण जाणे, तू ज्या मळ्यांवर किवी तोडलीस ते माझ्या ओळखीचेही निघतील! दोरीन ओस्टरफेल्ड, विभागप्रमुख.' बापरे."

बाहेरची शिट्टी थांबली. लेंदर्ट दारात उभा होता, दोन्ही हातांत खुर्च्या.

"न्यूझीलंडला कोण गेलं होतं?" योपीनं विचारलं.

"कुणी नाही, आई," मिर्याम म्हणाली.

"मग ही बाई ऐकणार काय?"

गोलात बसल्यावर नीन्केला वाटलं, पाणीमंडळातली, म्हणजे त्या भागाचं पाणी सांभाळणाऱ्या सरकारी कचेरीतली, पहिली मुलाखत यापेक्षा सोपी होती. तिथे तिघंच होते, आणि त्यांच्यातलं कुणी तिला लंगोटात पाहिलेलं नव्हतं.

"तुझ्याच डोक्यातून निघालं ना हे?" कार्ला नणंदेला म्हणाली.

"हो, माझ्याच. चाळीस अर्ज गेले हिचे, कार्ला. चाळीस. एक बोलावणं नाही. प्रत्येक ठिकाणी तेच, शिक्षण संपलं आणि पुढे चौदा महिने कोरे. मग न्यूझीलंड लिहिलं, आणि पहिल्याच अर्जाला बोलावलं. आता बोल."

"घरी होते, असं लिहायचं सरळ," योपी म्हणाली.

"'घरी होते' वाचलं की वाचणारा म्हणतो, आळशी असेल. नाहीतर आजारी असेल."

"ती कुठे आजारी होती?" योपी म्हणाली.

एकदम सगळ्यांना आपापल्या कपात काहीतरी दिसलं. तैमेननं चमचा ढवळला. त्याच्या कॉफीत साखर नव्हती. लेंदर्टनं एक खुर्ची उगाच उचलून वीतभर डावीकडे ठेवली.

खरं होतं ते असं. ते चौदा महिने घरचं टोमॅटोचं काचघर नीन्केनं चालवलं होतं, अडीच हेक्टर, सहा कामगार. पहाटे चारला दिवे, पडदे, खत, पाणी, परागणासाठी ठेवलेल्या भुंग्यांच्या पेट्या, मग तोडणी. कार्ला दवाखान्यातली नोकरी सांभाळून वरच्या खोलीत ताटं नेत होती आणि तशीच खाली आणत होती. उत्पादकांच्या संघाला दर शुक्रवारी जो तक्ता जायचा त्यावर सही मात्र लेंदर्टची लागायची, आणि ती नीन्के त्याच्या हाताखाली पुस्तक धरून घेऊन यायची. कागदावर लेंदर्ट रोज कामावर होता. त्यामुळे कागदावर नीन्के कुठेच नव्हती.

आणि आता पाणीमंडळाला माणूस हवा होता तो काचघरवाल्यांकडे जाऊन, वापरलेलं पाणी शुद्ध करून पुन्हा कसं फिरवायचं हे समजावणारा. जाहिरात वाचताना नीन्केला हसू आलं होतं. नंतर आलं नव्हतं.

"तर," मिर्यामनं खुर्ची पुढे ओढली, "घाबरायचं नाही. रात्र आहे, तैमेन आहे. तैमेन तिथं जाऊन आलाय."

"तीन आठवडे," तैमेन म्हणाला.

"पुरे आहेत. किवी कधी तोडतात?"

"मार्चच्या पुढे. मेपर्यंत वगैरे."

"कशी?"

"हातानं. म्हणजे मी तीन दिवस तोडली. मग पाऊस लागला, आणि मी गाडीत झोपून राहिलो."

"अठरा दिवस?" योपीनं विचारलं.

"आजी, तो फार पाऊस होता."

नीन्के हसली, आणि तिच्या हसण्यानं सगळेच जरा सैलावले. मिर्यामनं ती संधी सोडली नाही. "हे बघ, हसतेस तशीच उद्या हस. पाठ टेकवून बसायचं नाही. हात टेबलावर दिसले पाहिजेत. बोलताना 'मला वाटतं' नको, 'मी केलं' म्हणायचं. आणि तुझी कमजोरी काय असं विचारलं तर, मी फार बारकाईनं काम करते, हे सांगायचं नाही. आजकाल प्रत्येक जण तेच सांगतो. आम्ही कचेरीत हसतो त्यावर."

"मग काय सांगू?"

"खरी सांगायची. पण निरुपद्रवी."

"तुझी कुठली गं?" योपीनं लेकीला विचारलं. "मला तर तुझ्या सगळ्या उपद्रवीच माहितीयत."

"आई, केक खा."

"मला एकच प्रश्न विचारला होता," योपी म्हणाली. "सतरा वर्षांची होते. द्राक्षांच्या काचघरात. म्हातारा म्हणाला, उद्या येशील का? मी म्हटलं, किती वाजता? झाली मुलाखत."

"आणि त्याच म्हाताऱ्याच्या मुलाशी लग्न केलंस," तैमेन म्हणाला.

"ते वेगळ्या मुलाखतीत."

कार्लालाही हसू आवरेना. पण मिर्याम पुन्हा सुरू झाली: गावाचं नाव काय, मालकाचं नाव काय, राहिलीस कुठे, आणि नीन्के शिकवलेलं म्हणून दाखवू लागली तशी तिची मान खांद्यात शिरत गेली. बोलता बोलता ती किवीच्या वेलींना तारेवर गुंडाळायला लागली, टोमॅटोसारखं.

"किवी गुंडाळत नाहीत अशी," तैमेन हळूच म्हणाला. "आई, हे नाही जमणार. ती बाई नऊ वर्षं होती तिथं. दोन मिनिटांत ओळखेल."

"तू कुणाच्या बाजूनं आहेस?"

"मी नीन्केच्या बाजूनं आहे. मी उद्या तिच्या जागी असतो तर आजच फोन करून आजारी पडलो असतो."

पुन्हा तो शब्द. नीन्के उठली. "कॉफी संपलीय," ती म्हणाली. किटली अर्धी भरलेली होती.

लेंदर्ट तिच्यामागे स्वयंपाकघरात गेला. तो गेला तेव्हा मागे आवाज उतरले. लेंदर्टला हे उतरणं ओळखता यायला लागलं होतं. वर्षभर तो जिथे जाई तिथे लोक असे हळू व्हायचे, झोपलेल्या पोराच्या खोलीत वावरावं तसे. प्रेमानंच. त्याला ते हवंही होतं. सकाळी जाग आली, पाय जमिनीवर टेकले, आणि टेकल्यावर उभं राहावंसं वाटलं, याचा आनंद त्याला अजून रोज नव्यानं व्हायचा. त्या आनंदाला धक्का नको म्हणून त्यानंही कधी मागे वळून काही विचारलं नव्हतं.

नीन्के नळाखाली किटली धरून उभी होती. पाणी वरून वाहत होतं.

त्यानं नळ बंद केला. "मला ठाऊक नव्हतं. न्यूझीलंडचं."

"आईनं सांगितलं, तुला सांगू नको."

"का?"

नीन्केनं खांदे उडवले.

"तू काचघरात होतीस, एवढं तरी लिहायचंस. त्यात काय आहे?"

"मग ते विचारणार ना, बाबा. तू का चालवत होतीस. बाबा कुठे होते. ते इथल्या सगळ्या काचघरवाल्यांना ओळखतात." तिनं किटली पुसली, नको तितकी. "आणि तूच म्हणाला होतास."

"काय म्हणालो होतो?"

"कुणाला सांगू नकोस."

"कधी?"

"पहिल्याच आठवड्यात. मी सूप घेऊन आले होते. तू माझं मनगट धरलंस. इथं. मी म्हटलं, नाही सांगणार. तरी तू सोडेनास. मग मी शपथ घेतली, तेव्हा सोडलंस."

लेंदर्टनं तिच्या मनगटाकडे बघितलं. तो आठवडा त्यानं डोक्यात शोधला. तिथे पडद्याचं कापड होतं, त्यावरची निळी रेघ होती, आणि बाकी काही नव्हतं. सूप नव्हतं. मनगट नव्हतं. त्याला आठवतही नसलेला एक शब्द ही पोर दोन वर्षं पाळत बसली होती, आणि एकेचाळीस अर्जांत तो सांभाळून लिहीत होती.

"मला आठवत नाही," तो म्हणाला.

"माहितीय." ती हसली, त्यालाच धीर द्यावा तशी. "काही हरकत नाही, बाबा. आजच फोन करून टाकते, येत नाही म्हणून. दुसरं काहीतरी मिळेल. खरंच."

तिच्या आवाजात सुटकेसारखं काहीतरी होतं, आणि तेच त्याला सोसवेना. एवढ्यात दाराची घंटा वाजली.

शेजारचा हाउब आला तो गोलाला डावीकडून सुरुवात करत. "तैमेन, आजीच्या वाढदिवसाचं अभिनंदन. मिर्याम, आईच्या. कार्ला, सासूबाईंच्या. लेंदर्ट, आईच्या वाढदिवसाचं, आणि पाठ काय म्हणते?"

"बरी आहे," लेंदर्ट म्हणाला.

"पाठीशी खेळ नाही. माझा मेव्हणा अजून वाकत नाही. योपीबाई! तुमच्या वाढदिवसाचं अभिनंदन!"

"आलास का माझ्यापर्यंत," योपी म्हणाली. "बस. केक घे, नाहीतर तैमेन घेईल."

हाउब बसला. त्याचं काचघर फेलेकोपांच्या काचघराला लागून, मधे फक्त पाण्याचा चर. केकचा पहिला घास गिळून त्यानं विचारलं, "न्यूझीलंडचं काय चाललं होतं? दारात ऐकलं. कोण चाललंय?"

"नीन्के," तैमेन म्हणाला. "म्हणजे, जाऊन आली."

"कधी?"

मिर्यामनं मुलाचा पाय दाबला, पण उशीर झाला होता.

"ही कधी गेली?" हाउबनं नीन्केकडे वळून विचारलं. "रोज पहाटे तुझे दिवे दिसायचे मला. मी म्हणायचो बायकोला, बघ ती पोर, बापाला मदत करतेय."

"तेच म्हणते मी," मिर्याम घाईघाईनं म्हणाली. "मदत. आणि 'वडिलांना घरी मदत केली' हे अर्जात चालत नाही, हाउब. ते वाचलं की पान उलटतात. पाणीमंडळात मुलाखत आहे तिची, उद्या."

"पाणीमंडळात? काचघरांच्या पाण्याचं काम?" हाउबनं बशी गुडघ्यावर ठेवली. "अरे, मग तिनं बापाचं नाव सांगावं ना! लेंदर्ट, तू बोल त्यांच्याशी. दीड वर्षापूर्वीचा जुलै आठवतो? आख्ख्या रस्त्यावर मुळं सडली. फिरवलेल्या पाण्यातून तो रोग आला आणि माझी निम्मी झाडं आडवी. पलीकडच्याची सगळी. आणि चर ओलांडून बघावं तर झाडं हिरवीगार. ह्याची!" तो सगळ्या गोलाला सांगू लागला. "नंतर कळलं, ह्यानं परतीचं पाणी आठवडाभर आधीच बंद केलं होतं. टाक्या रिकाम्या करून घासून घेतल्या होत्या. अंथरुणात पाठीवर पडून! मी संघात सांगितलं, माणूस असावा तर असा. डोकं चालतंय ना, मग पाठ गेली तरी चालेल."

 कार्ला नवऱ्याकडे बघत नव्हती. ती त्याच्या हातांकडे बघत होती. नीन्के चीझच्या बशीतले चौकोन एका रेषेत लावत होती. टाक्या तिनं घासल्या होत्या, कामगारांना पगारी सुट्टी देऊन, एकटीनं, कारण औषधाचा वास फार होता. आधीच्या रात्री तिनं मुळं हातात घेऊन बघितली होती, आणि टोकं तपकिरी दिसली होती. हे विचारायला तेव्हा कुणी नव्हतं. ती वरच्या खोलीच्या दारापर्यंत गेली होती आणि परत फिरली होती.

"मला सांग तरी," हाउब लेंदर्टकडे वाकला. "दीड वर्ष विचारीन म्हणतोय. तुला कळलं कसं?"

"चीझ घेता का, हाउब?" कार्ला म्हणाली.

"मोहरीही आहे," मिर्याम म्हणाली. नणंद-भावजयीचं आजच्या दिवसात हे पहिलंच एकमत.

हाउबनं चीझ घेतलं, पण नजर हलवली नाही. लेंदर्टनं पाहिलं, नीन्के त्याच्याकडे बघत होती आणि मान अगदी थोडी हलवत होती. नको. राहू दे, बाबा. मी सांभाळते. अशीच मान तिनं तेव्हाही हलवली असणार, रोज, दारात उभी राहून. त्याला वाटलं होतं, हे सांगताना जमीन सरकेल. पाय चटईवर घट्ट होते. त्यालाच त्याचं नवल वाटलं.

"मला नाही कळलं, हाउब," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"त्या जुलैत झाडं आहेत की गेली, हेसुद्धा मला माहीत नव्हतं."

"लेंदर्ट," कार्ला म्हणाली.

"असू दे, कार्ला. मी बरा आहे. म्हणून तर बोलता येतंय." त्यानं शेजाऱ्याकडे बघितलं, मग आईकडे, मग बहिणीकडे, गोलातल्या एकेकाकडे, हात हातात घ्यावेत तसं. "माझ्या पाठीला कधीच काही झालं नव्हतं. मला डिप्रेशन होतं. चौदा महिने मी त्या खोलीतून बाहेर आलो नाही. आंघोळीलासुद्धा कार्ला ओढून न्यायची. माझ्या सहीच्या वरचं सगळं हिनं केलंय. टाक्याही हिनंच घासल्या. ते पीक हिचं आहे."

हाउबचं तोंड उघडं होतं आणि चीझचा तुकडा तिथवर पोहोचायचा राहिला होता. योपीनं एक श्वास सोडला, दोन वर्षं धरून ठेवल्यासारखा लांब, आणि डोळे मिटले. तिच्या तोंडावर दुःख नव्हतं.

लेंदर्ट लेकीकडे वळला. "त्या बाईंना उद्या पहिल्याच वाक्यात सांग, न्यूझीलंड खोटं होतं. मग हे सांग. माझे वडील आजारी होते, मनानं, आणि काचघर मी चालवलं. त्यांनी विचारलं तर माझं नाव सांग, आणि म्हणावं, बापानंच सांगायला सांगितलंय."